पूर काय रोज येतो?

प्रश्न : मुलगी सोलापुरात बी.एस्सी. (संख्याशास्त्र) तिसऱ्या वर्षाला, ६८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा एका संस्थेबरोबर गावोगाव ‘अन्न पाहणी’ करत फिरली. आता त्यातच करिअर करायचं म्हणते. किट वाटणं हे काय करिअर? पूर काय रोज येतो? पुण्यात एमपीएससीच्या क्लासची फी मी भरली आहे. तिला समजवा.
– एक पालक, मोहोळ

उत्तर : तिला काय समजवू? तुमच्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत आलंय, तेही तुमच्या शब्दांत. फी भरण्याआधी तिला विचारलं होतंत का? मला तिच्या ६८ टक्क्यांची काळजी नाही. भरलेल्या पैशांपायी ती तीन वर्षं अभ्यासिकेत नुसती बसून राहील, याची आहे.

आणि ती किट वाटत नव्हती. तलाठी पंचनाम्यात पीक किती गेलं ते लिहितो. या पाहणीत पातेलं बघतात. गेल्या ७ दिवसांत डाळ किती दिवस शिजली, दूध किती दिवस आलं? उसनं आणावं लागलं का? पोरांना पुरावं म्हणून आई कमी जेवली का? संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या पद्धतीत त्या दिवसांना दुधासाठी ४, डाळीसाठी ३, भाकरीसाठी २, भाजीसाठी १ असा भार देऊन घराच्या खाण्याचा गुणांक काढतात. म्हणजे तिचंच संख्याशास्त्र! सोबत बाजारही बघायचा. दुकानात ज्वारी आहे पण मजुरी बुडालीय, तर रोख पैसे द्यावेत. गिरणीच बंद असेल, तर गव्हाचं पोतं देऊन काय उपयोग? हे चार-आठ दिवसांत सांगावं लागतं. महिन्याने आलेला अचूक अहवाल कुणाच्या पोटात जात नाही.

पूर रोज येत नाही, खरंय. पण दुष्काळ, रेशन, अंगणवाडीतलं कुपोषण इथंही हेच प्रश्न विचारावे लागतात, आणि सोलापूरकराला दुष्काळ मी काय सांगायचा!

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत मुंबईला आपत्ती व्यवस्थापनाचं एम.ए. आहे; याच संस्थेचं एक संकुल तुमच्या जवळ, तुळजापूरला आहे.

तिलाही एक कडू गोष्ट सांगा : यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. शिवाय हातात मदत नसताना भिजल्या चुलीपाशी बसून ‘काल काय खाल्लंत?’ विचारायचं, हे पुन्हा पुन्हा जमेल का, ते तिनंच ठरवावं.

फी परत मिळते का ते क्लासला विचारा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाहणीतला एखादा कोरा फॉर्म असेल तर सोबत जोडायला सांगा.