लेयर वापरताना सुरुवातीला एवढंच सांभाळ

भावा, अजिंक्यताऱ्याचा फोटो झकास आलाय, पण तू थेट बॅकग्राउंड लेयरवरच, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांपैकी सगळ्यात खालच्या मूळ फोटोवरच, हात चालवलास. फोटोशॉपमध्ये आधी कंट्रोल-जे दाबून कॉपी काढ, खालच्या मूळ फोटोला हात लावू नको.

इरेझर विसर, मास्क शिक, म्हणजे लेयरचा नको तो भाग न पुसता फक्त झाकणारा पडदा. वरच्या कॉपीत आकाश गडद करताना किल्लाही काळवंडला? त्या लेयरला मास्क लाव आणि किल्ल्यापुरता काळा ब्रश फिरव, खालचा मूळ किल्ला दिसेल. जास्त फिरला तर पांढरा ब्रश घे, गेलेलं परत येतं. दोन-चार फोटोंवर हेच घासून बघ.

लेयरना नावं दे. साताऱ्यात फ्लेक्सची कामं करायचो तेव्हा 'लेयर ३७ कॉपी'च्या गर्दीत मी अर्धा तास वाढदिवसवाल्यालाच शोधत बसलो होतो!

पीएसडी, म्हणजे लेयर वेगळे जपणारी फोटोशॉपची फाइल, ठेवच. जेपीजीत सगळे लेयर एक होतात. ब्लेंडिंग मोड वगैरे सध्या राहू दे.