नुसता माइकचा ट्रॅक

“मॅडम, शिव्या कापता कापता रात्र जाते.” गेमिंगचे व्हिडिओ करणारी मुलं समुपदेशनाला आली की हे मला वारंवार सांगतात. त्यांचे पालक म्हणतात, “तोंड किती घाण झालंय याचं!”

त्यांच्यातलाच हा एक मुलगा, १९ वर्षांचा (ओळखीचे तपशील बदलले आहेत). शिव्या का देतोस, असं मी विचारलं नाही. कापतोस कशा, ते विचारलं. शिवी आली की तो सगळाच आवाज बंद करायचा. गेमचा आवाजही जायचा आणि व्हिडिओला ठिगळं पडायची. बीप टाकायचा विचार होता. मला बीप पटत नाही. ऐकणारा गाळलेला शब्द मनात भरतोच.

ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइक आणि गेम वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करता येतात. मग शिवीपुरता फक्त माइक बंद करायचा, गोळीबार चालू राहतो. आपोआप बनणाऱ्या सबटायटलमध्ये शब्द शोधले तर बऱ्याच जागा लगेच सापडतात. सगळ्या नाही, म्हणून शेवटी एकदा कानानं ऐकायचंच. यूट्यूबवर पहिल्या ७ सेकंदांतल्या कडक शिवीमुळे जाहिरातींचं उत्पन्न घटायचं. जुलै २०२५ मध्ये ती अट सैल झाली, तरी शीर्षक आणि थंबनेलमध्ये शिवी महागात पडतेच.

एवढं बोलून झाल्यावर त्याला एक काम दिलं. कापण्याआधी गेमचा ट्रॅक बंद ठेवायचा, प्रत्येक शिवीच्या ५ सेकंद आधीपासून ऐकायचं आणि ती कोणाला दिली ते लिहायचं.

पुढच्या आठवड्यात तो बराच वेळ गप्प बसला.

“गोळ्यांचा आवाज नसताना ऐकलं, मॅडम. खोलीत एकटाच एक मुलगा ओरडतोय.”

“कोणावर?”

“४३ होत्या. ३१ मी मलाच दिल्यात.”

त्या क्षणी मी काही बोलले नाही, आणि तेच योग्य होतं असं आजही वाटतं. वागण्यापेक्षा वागण्याच्या आधीचे काही क्षण बघावेत, असं मी मानत आले आहे. शिव्या दिल्यानं खरोखर बरं वाटतं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स यांच्या २००९ च्या प्रयोगात, बर्फासारख्या पाण्यात हात बुडवून शिवी देणाऱ्यांना वेदना जास्त वेळ सहन झाली. पुढे असंही दिसलं की रोज भरपूर शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो. म्हणून नुसतं “शिव्या देऊ नकोस” म्हणणं मला अपुरं वाटतं. त्यानं मूल आधार गमावतं, हाती काहीच येत नाही.

त्या ५ सेकंदांत त्याला स्वतःचा अडकलेला श्वास ऐकू आला होता. आम्ही तिथेच काम केलं. श्वास अडकला की तो सोडायचा आणि काय चुकलं ते मोठ्यानं सांगायचं: “डावीकडे बघितलंच नाही.” बघणाऱ्यांना हीच कॉमेंट्री हवी असते!

दीड महिन्यानं तो लॅपटॉप घेऊन आला. तेवढ्याच लांबीच्या रेकॉर्डिंगमध्ये ९ शिव्या, स्वतःला दिलेली एकच. “ही कापली नाही अजून, तुम्हाला ऐकवायची होती.” त्यानं गेमचा ट्रॅक बंद केला. शिवी आली, मग सुटलेला श्वास, आणि त्याचाच आवाज: “असू दे. परत जाऊ.”