तिरप्या पत्र्यावरचा झोत: नवशिक्यास सल्ला

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर होडीचा पत्रा हवेच्या झोताने सुकवताना, नळी जिथे रोखली आहे तिथेच सर्वाधिक दाब असतो असे गृहीत धरू नका; पत्रा तिरपा असला की तो बिंदू झोत व पत्रा यांच्यातील लघुकोनाकडे सरकतो. पट्टीसारखा झोत पत्र्याशी 60 अंशांचा कोन करून आदळल्यास, घर्षण सोडून केलेल्या हिशेबात, तीन चतुर्थांश हवा पुढे (झोताच्या दिशेने) व उरलेली मागे (लघुकोनाकडे) वळते. 30 अंशांवर मागे जेमतेम 7 टक्के. म्हणून मागची कड ओलीच राहते आणि दोष मात्र कॉम्प्रेसरला दिला जातो. सर्वाधिक दाबाचा बिंदू शोधायला खोबरेल तेलात काजळ कालवून पत्र्यावर पातळ फासा (आमच्या खाऱ्या हवेत पत्रा आधी गोड्या पाण्याने पुसावा लागतो). झोत सोडल्यावर तेलाच्या रेषा जिथून फाकतात, तिथे खूण करा आणि मगच नळी हलवा.