शाई फुटते, तिला फुटू द्या

प्रश्न : मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते. चार वर्षं चिनी शाईचित्रं शिकले : बांबू, डोंगर, धुकं. आता त्यात कापड, वर्तमानपत्र, ऍक्रिलिक आणावंसं वाटतं. पण शाई फुटते, कागद चुरगळतो आणि आपण परंपरा बिघडवतोय की काय, अशी धास्ती वाटते. काय करू?

उत्तर : ताई, शाई फुटणं हा शुआन कागदाचा, म्हणजे चिनी शाईचित्रांच्या नेहमीच्या कागदाचा, दोष नाही, स्वभाव आहे. आन्हुई प्रांतात छिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून तो बनवतात. कच्चा असताना तो टीपकागदासारखा पाणी पितो. त्याला तुरटी आणि सरस दिला की चिनी चित्रकार त्याला ‘शिजलेला’ म्हणतात. मग रेघ जागेवर राहते. बारीक कामाला शिजलेला, मोकळ्या फराट्याला कच्चा, ही जुनी वाटणी. पण एकाच कागदावर दोन्ही का नकोत?

मी ऐरोलीला राहते, खाडीची चित्रं करते. एका कोळीणकाकूंनी फाटकं नायलॉनचं जाळं दिलं. ते तुरटी-सरसाच्या पाण्यात भिजवून कच्च्या कागदावर दाबून ठेवलं आणि पूर्ण वाळल्यावर उचललं. मग पातळ शाई दिली. जाळं जिथे टेकलं होतं तिथे शाई धरली नाही; पांढरी वीण उरली आणि भोवती ओहोटीच्या चिखलाचा करडा रंग पसरला. पहिले तीन कागद वाया गेले, कारण ते वाळायच्या आतच मी शाई दिली होती.

हे सुचलं लिउ कुओ-सुंग यांच्यामुळे. 1932 साली जन्मलेल्या या चित्रकाराने तैवानमध्ये जाड धाग्यांचा कागद बनवून घेतला. रंगवून झालं की धागे उपटायचे. धाग्याच्या जागी पांढरी रेघ उरते. डोंगराच्या सुरकुत्यांसाठी कुंचल्याचे फराटे शतकानुशतकं ठरलेले होते. तेच काम त्यांनी कागदाकडून करून घेतलं. याला मी परंपरा बिघडवणं म्हणणार नाही.

वर्तमानपत्र नुसतं शोभेला चिकटवू नका. चिनी कलाकार शू बिंग यांनी 2004 पासून केलेल्या एका मालिकेत समोरून जुनं डोंगरदऱ्यांचं चित्र दिसतं. मागे जाऊन पाहावं तर धूसर काचेला वाळक्या फांद्या, कागद, असला कचरा लावलेला. तिथे कचऱ्याची सावलीच शाई झाली आहे. तुमच्या कापडालाही असं काही काम द्या.

आधी शाई, मग ऍक्रिलिक. ऍक्रिलिकचा पापुद्रा बसला की त्याखालचा कागद शाई पीत नाही. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ घ्या. बुरशी लागू नये म्हणून पुस्तकं बांधणारे बाइंडर खळीत मोरचूद घालतात, तो टाळा. तांब्याने कागद लवकर खराब होतो. चुरगळण्यावर उपाय अस्तराचा. चित्र पालथं घालून मागे खळीने दुसरा कागद लावायचा आणि फक्त कडा फळीला चिकटवून वाळू द्यायचं. वाळताना कागद ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो.

आणि तुमच्या बाजूला येऊरचा डोंगर आहे. पावसात त्याचा वरचा भाग ढगात जातो, तो काढू नका. तेवढा कागद कोरा ठेवा. दमट हवेत शाई उशिरा वाळते, म्हणून हे चित्र पावसाळ्यातच करा. अस्तर मात्र दिवाळीनंतर लावा, नाहीतर खळीला बुरशी येईल.