आयटी पसरल्यामुळे गरीब-श्रीमंतातलं अंतर वाढतं की कमी होतं? आणि सगळ्यांना कॉम्प्युटर ट्रेनिंग दिलं तर प्रश्न सुटेल का?

दोन्ही होतं, पण एकाच माणसाच्या बाबतीत नाही. कोणाचं वाढेल आणि कोणाचं कमी होईल हे हातातल्या फोनवरून कमी आणि घराच्या कागदांवरून जास्त ठरतं, निदान आमच्या गोव्यात तरी. माझं पेडण्यात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, त्यामुळे अर्थशास्त्र थोडंफार वाचलेलं आणि लोकांच्या फायली मात्र रोज बघतो.

आधी अंतर कमी होतं ती बाजू सांगतो, कारण तीही खरी आहे. केरळात १९९७ ते २००१ च्या दरम्यान किनाऱ्यावर मोबाईल आले, त्याचा अभ्यास रॉबर्ट जेन्सेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने केला. त्याआधी व्हायचं असं की एका किनाऱ्यावर तारली विकली न गेल्यामुळे फेकून द्यायला लागायची आणि पलीकडच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक मासळी नाही म्हणून परत जायचं. सिग्नल समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत मिळायला लागला तसे लोक होडीतूनच भाव विचारून मग होडी कुठे लावायची ते ठरवायला लागले. नासाडी जवळजवळ बंद झाली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि वर गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. पण एक बघा, त्यांच्याकडे होडी आधीपासून होती, विकायला माल होता, फक्त भाव कळत नव्हता तो कळला.

आता आमच्याकडचं बघा. २०२० नंतर मोरजी, मांद्रे, हरमल भागात लॅपटॉपवाले राहायला आले, पगार बेंगळुरू-गुडगावचा आणि राहायचं इथे, त्यात २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला. मग काय, ज्याच्या घरात जास्तीची खोली तो होमस्टेच्या मागे. पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, १९८२ चा कायदा आहे, आणि तिथे पहिला प्रश्न घर कोणाचं. मालकीचा कागद द्या, नाहीतर मालकाची एनओसी.

एकाच वाड्यावरच्या दोन बायका माझ्याकडे आल्या होत्या. एकीचं घर नवऱ्याच्या नावावर, एक-चौदाचा उतारा (तुमच्या सातबारासारखा जमिनीचा कागद) स्वच्छ, तिची नोंदणी झाली, मुलीने फोटो काढले, अ‍ॅपवर खोली लागली, बुकिंगमागे अ‍ॅपवाले कमिशन कापतात त्याबद्दल शिव्या घालते पण सीझनला खोली रिकामी नसते. दुसरीचं घर तेवढंच, उलट अंगण मोठं आणि हाताला चवही जास्त, पण ती मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारी. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, तो भाटकार वारला, वारस कोण मुंबईत, कोण पोर्तुगालला, एनओसीवर सही करायची कोणी? आणि त्याच कागदासाठी बँकेत बाथरूम बांधायचं कर्जपण अडलं. मुंडकार कायदा १९७५ चा आहे, त्यात घर विकत घेऊन स्वतःच्या नावावर करायचा हक्क आहे, पण मामलेदाराकडे केस म्हणजे तारीख पे तारीख. तिचा मुलगा आता त्याच टुरिस्टांना बाईकवरून जेवण पोचवतो. दोघींकडे फोन आहे, डेटा पॅक आहे, गूगल पे आहे, आणि सात-आठ वर्षांपूर्वी दोघींच्या घरची कमाई जवळपास सारखीच होती!

म्हणजे अ‍ॅपने दरी नव्याने खणली असं नाही, जुनी होती ती रुंद केली. आणि ज्यांचा होमस्टेशी काही संबंधच नाही, म्हणजे बदलीवर आलेली नर्स, शाळेतला मास्तर, त्यांना महिन्याच्या भाड्याने खोली मिळेना, ते वेगळंच.

नोकरीचं बोलायचं तर डेव्हिड ऑटर हा अर्थशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेली गोष्ट मला पटते, की कॉम्प्युटर ठरावीक साच्यातलं काम खातो, मग ते टायपिंग असो, हिशेब लिहिणं असो की तिकीट काउंटर. ही मधल्या पगाराची कामं. वर कोडिंगवाले राहतात, खाली साफसफाई आणि डिलिव्हरी, कारण ते कॉम्प्युटरला अजून नीट जमत नाही. पूर्वी टायपिंगची परीक्षा पास झालं की कुठेतरी क्लार्क म्हणून चिकटता यायचं, तो जिनाच गेला. आयटी कंपन्यांत देशभरात पन्नासेक लाख लोक असतील, काम करणारे पन्नास कोटींच्या वर, आणि गोव्यातली कोडिंग येणारी पोरं तशीही पुण्या-बेंगळुरूला जातात. शिवाय कारबार्बुनिस आणि नीमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की जगभर एकूण उत्पन्नातला कामगारांचा वाटा १९८० च्या आसपासपासून साधारण ५ टक्के पॉइंटने घसरला, आणि त्यातली निम्मी घसरण कॉम्प्युटर-मशिनरी स्वस्त झाल्यामुळे. मालकाला माणसापेक्षा मशीन परवडायला लागलं, सरळ हिशेब.

  

ट्रेनिंगबद्दल विचारलंत. द्यावं, जरूर द्यावं. २०१७-१८ च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, आणि गोवा बरा म्हणावा तर २०२० मध्ये सत्तरी-सांग्यातली मुलं ऑनलाईन क्लाससाठी नेटवर्क शोधत डोंगर चढत होती. पण मला कोणी विचारलं की पैसा आधी कुठे घालू, तर मी म्हणेन मामलेदार ऑफिसात माणसं वाढवा आणि मुंडकार केसी निकालात काढा. त्या बाईला अ‍ॅप वापरायला कोणी शिकवायची गरज नाही हो, शेजारणीच्या खोलीचे फोटो अ‍ॅपवर नीट लावून देणारी तीच आहे.