पटरानीतला 'पट' कुठला?

हिंदी पौराणिक मालिकांमध्ये 'पटरानी' सारखं कानावर पडतं. त्यातला 'पट' म्हणजे वस्त्र का, आणि आपल्या 'पट्टराणी'शी त्याचं काही नातं आहे का, असं तुम्ही विचारलंत.

नातं कसलं, शब्द एकच आहे. मूळ संस्कृत 'पट्ट'. वस्त्राचा तुमचा अंदाज अगदीच वाया गेलेला नाही, कारण पट्ट म्हणजे रेशीमही (पट्टवस्त्र आठवा). पण इथला पट्ट म्हणजे कपाळावर बांधायची सोन्याची पट्टी. राज्याभिषेकात ती बांधायच्या विधीला पट्टबंध म्हणत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त या पट्ट्यांवर एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात मापं दिली आहेत. राजाचा पट्ट मधोमध ८ अंगुळं रुंद, राणीचा ७, युवराजाचा ६, सेनापतीचा ४, आणि राजाने खूश होऊन दिलेला 'प्रसादपट्ट' २. वर तुरे, म्हणजे शिखा: राजाला ५, राणी आणि युवराज दोघांनाही ३-३, सेनापतीला १, प्रसादपट्टाला एकही नाही. म्हणजे तुऱ्यांत राणी नि युवराज बरोबरीचे, पण रुंदीत राणी एका अंगुळाने वरचढ. दरबारातली मानापमानाची नाटकं किती बारकाईने मोजली जात, ते यावरून दिसतं!

तर असा पट्ट जिच्या कपाळी, ती पट्टराणी. बाकीच्या नुसत्याच राण्या. दक्षिणेत याच अर्थाने पट्टमहिषी, पट्टमहादेवी हे शब्द चालत. होयसळ राजा विष्णुवर्धनाची शांतला ही पट्टमहादेवी. (महिषी म्हटल्यावर म्हैस आठवून हसू येतं खरं, पण 'महिष'चा जुना अर्थ थोर, बलवान असा आहे. वैदिक यज्ञांतही राजाच्या पहिल्या मानाच्या पत्नीला महिषीच म्हणत.) आपल्याकडे ६ जून १६७४ला रायगडावर महाराजांना अभिषेक झाला, तेव्हा पट्टराणीचा मान सोयराबाईंचा होता.

आता हिंदीत 'ट्ट'चा 'ट' का झाला? पट्टचं हिंदीत 'पाट' होतं. 'राजपाट'मध्ये तेच आहे, तिथे अर्थ सिंहासन. समासात पहिलं पद आलं की हिंदी त्यातला 'आ' आखडून घेते. हाथ, पण हथकड़ी. काठ, पण कठपुतली. पानी, पण पनचक्की. तसंच पाट, पण पटरानी. मराठीला ही खोड फारशी नाही. आपण हातकडी म्हणतो, पाणचक्की म्हणतो. त्या हिशेबाने आपल्याकडे 'पाटराणी' व्हायला हवं होतं, पण आपण सरळ संस्कृतातला पट्ट उचलला. माझ्या मते बरंच झालं. मराठीत 'पाट लावणे' म्हणजे विधवेचं किंवा सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं पुन्हा लग्न, आणि जुन्या समाजात 'पाटाची बायको' ही 'लग्नाच्या बायको'पेक्षा खालच्या मानाची समजत. 'पाटराणी' म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्याने नेमका उलटा अर्थ घेतला असता.

एक गंमत राहिली. पटरानी म्हणजे मुख्य राणी, म्हणजे एकच हवी. तरी हिंदीत कृष्णाच्या 'आठ पटरानियाँ' सर्रास म्हणतात: रुक्मिणी, सत्यभामा, जांबवती वगैरे. तिथे उरलेल्या सोळा हजारांच्या मानाने आठ म्हणजे मोजक्याच!