रंजक भिनवलेला स्फटिक: स्वयंप्रकाशी की परप्रकाशी?

प्रश्न असा आहे: रंजक (प्रकाश शोषणारा, विरघळणारा रंगीत पदार्थ, म्हणजे डाय) भिनवलेल्या फोटॉनिक स्फटिकावर (प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या अंतराअंतराने तीच रचना पुन्हा पुन्हा येते अशा पदार्थावर) निळा प्रकाश टाकला की त्यातून पिवळट हिरवा प्रकाश बाहेर येतो. या स्फटिकाला स्वयंप्रकाशी म्हणायचं की परप्रकाशी? आणि जे घडतं ते परावर्तन, उत्सर्जन की अनुस्फुरण?

आपल्याकडे स्वयंप्रकाशी आणि परप्रकाशी ही जोडी शाळेतच पाठ होते. सूर्य पहिल्यात, चंद्र दुसऱ्यात. नंतर ती माणसांनाही लावली जाते आणि 'परप्रकाशी' ही जवळजवळ शिवी होते. पण रंजक या जोडीत बसत नाही. बाहेरून प्रकाश मिळाल्याशिवाय ते उजळत नाही, म्हणजे परप्रकाशी झालं. मात्र चंद्र सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो, तसं रंजक करत नाही. ते आलेला प्रकाश गिळतं, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि उरलेल्या ऊर्जेचा नवा प्रकाश सोडतं. रोडामीन ६जी हे नेहमीच्या वापरातलं रंजक ५३० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त शोषण करतं आणि ५५५ च्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश देतं. या दोन्हींत काही नॅनोसेकंद जातात. तेव्हा प्रकाश त्याचा स्वतःचा, निमित्त परक्याचं.

ही अडचण मराठीपुरती नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनाही १८५२ मध्ये नेमकी हीच पडली होती. प्रिझमने पसरवलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातून त्यांनी क्विनाइनच्या द्रावणाची नळी सरकवत नेली. तांबडा, पिवळा, हिरवा ओलांडेपर्यंत काहीच झालं नाही. जांभळ्याच्या टोकाशी आणि त्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना नुसता अंधार दिसतो तिथे, द्रावण निळं उजळलं. याला त्यांनी आधी 'विकिरणी परावर्तन' अशा अर्थाचं नाव वापरलं. मग हे नाव मला आवडत नाही, असं त्याच निबंधाच्या तळटीपेत लिहून टाकलं आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून 'फ्लुओरेसन्स' हा शब्द सुचवला. आधार कशाचा घेतला? ओपल या खनिजावरून 'ओपॅलेसन्स' झाला, तसाच हाही. गंमत म्हणजे आजचे रंजकवाले फोटॉनिक स्फटिक बरेचदा कृत्रिम ओपलच असतात. ज्या दोन शब्दांपैकी एक दुसऱ्याच्या साच्यात घडला, ते दोन्ही एकाच तुकड्यात येऊन बसले आहेत. ('ओपल' हा शब्दही बहुधा संस्कृत 'उपल'वरूनच तिकडे गेला, पण तो विषय वेगळा.)

मराठीत फ्लुओरेसन्सला 'अनुस्फुरण' म्हणतात. हा शब्द मला मुळापेक्षाही सरस वाटतो. 'स्फुर्' धातूत थरथरणं आणि चमकणं दोन्ही आहे. ओठ स्फुरतात, कविता स्फुरते, अंगात स्फुरण चढतं. स्फुरण चढायला बाहेरचं निमित्त लागतं, पण चढतं ते आपल्याच अंगात. 'अनु' म्हणजे मागोमाग. रंजकाचं वागणं यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही. प्रकाश बंद केल्यावरही रेंगाळतं ते 'प्रस्फुरण', हे वेगळं ठेवावं. शेतीतला 'स्फुरद' याच घराण्यातला.

आता स्फटिकाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. एका आकाराचे सिलिकाचे गोल दाटीवाटीने रचले की ७४ टक्के जागा गोल व्यापतात आणि २६ टक्के पोकळी उरते. गोल साधारण २५० नॅनोमीटर व्यासाचे घेतले आणि पोकळीत हवा असली, तर असा ओपल समोरून पाहताना ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश परत पाठवतो. यात रंगाचा कणही नाही, सगळा प्रताप रचनेचा. तुकडा ४५ अंशांनी कलवला की परत येणारा रंग ४७० च्या आसपास, म्हणजे निळ्याकडे सरकतो. या कामाला परावर्तन हाच शब्द योग्य.

याच गोलांवर रोडामीनचा पातळ थर बसवला, पोकळ्या हवेच्याच ठेवल्या, आणि बाहेरून निळा प्रकाश टाकला. रंजक सगळीकडे प्रकाश सोडू पाहतं. पण समोरच्या दिशेला स्फटिक नेमका ५५० च्या आसपासचा प्रकाश आतच अडवतो, म्हणून तिथे मोजलेल्या वर्णपटात खळगा पडतो. बाजूने मोजलं तर तोच हिरवा सुखाने बाहेर येताना दिसतो. म्हणजे पांढऱ्या उजेडात स्फटिक ज्या दिशेने हिरवा दिसतो, त्याच दिशेला रंजकाचा हिरवा कमी पडतो. परावर्तन आणि उत्सर्जन इथे एकमेकांच्या उलट वागतात. बातमीत 'स्फटिक हिरवा प्रकाश परावर्तित वा उत्सर्जित करतो' असं मोघम लिहिलं की एका वाक्यात दोन विरुद्ध गोष्टी कोंबल्या जातात.

म्हणून माझा आग्रह विभक्तीसाठी आहे. 'स्फटिकाचं उत्सर्जन' म्हणू नये, 'स्फटिकातून होणारं रंजकाचं उत्सर्जन' म्हणावं. षष्ठी रंजकाला, पंचमी स्फटिकाला. चार अक्षरं वाढतात, वाढू द्यावीत.

यावर कोणी म्हणेल, मग स्फटिक प्रकाश नुसता 'गाळतो' असं का म्हणू नये? काही अंशी चालेल. पण गाळणी गाळायच्या वस्तूनंतर येते, इथे रंजक गाळणीच्या आतच बसलंय. १९८७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांनी मांडलेली कल्पना मुळात हीच होती की, भोवतालच्या रचनेत एखाद्या तरंगलांबीला जागाच नसेल तर अणू तो प्रकाश सोडूच शकणार नाही. त्याच वर्षी सजीव जॉन यांनी वेगळ्या वाटेने अशाच रचनांकडे लक्ष वेधलं. भोवताल उत्सर्जनाचा वेग बदलतो, हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्येच सांगितलं होतं. साध्या सिलिका ओपलमध्ये मात्र गोल आणि हवा यांच्या अपवर्तनांकातला (प्रकाश पदार्थात किती मंदावतो याच्या मापातला) फरक तोकडा असल्यामुळे सर्व दिशांना बंदी घालता येत नाही आणि वेगातला फरकही किरकोळ राहतो. तिथे 'गाळतो' खपून जाईल. टायटानियाच्या उलट्या ओपलमध्ये (गोलांच्या जागी पोकळ्या आणि पोकळ्यांच्या जागी टायटानिया, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड) अपवर्तनांकातला फरक मोठा असतो, तिथे 'आवरतो' किंवा 'नियंत्रित करतो' म्हणावं.

'भिनवलेला' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. 'रंजकभारित' दिसायला भारदस्त आहे, पण 'भारित' म्हटलं की विद्युतभार आठवतो. 'रंजित'मध्ये वरून रंगवल्याचा भास होतो. रंजक आणि रंगद्रव्य यांतही भेद ठेवावा: विरघळतं ते रंजक, न विरघळता कणांच्या रूपात राहतं ते रंगद्रव्य. जीवशास्त्रात मात्र सरसकट रंगद्रव्य म्हणतात आणि तिथे तेच ठेवावं. उदाहरणार्थ, आफ्रिकेतल्या पॅपिलिओ निरियस गटातल्या फुलपाखरांच्या पंखांवरच्या निळ्या-हिरव्या खवल्यांत अनुस्फुरण करणारं रंगद्रव्य आहे, आणि ते फोटॉनिक स्फटिकासारख्या सच्छिद्र पापुद्र्यात बसलेलं आहे. खाली आरशाचं काम करणारे थर आहेत. रंगद्रव्याने सोडलेला प्रकाश पंखात वाया न जाता वरच्या बाजूला बाहेर पडतो. पीटर वुकुसिक आणि इयन हूपर यांनी २००५ मध्ये हे दाखवलं.

या फुलपाखराबद्दल 'पंख चकाकतात' लिहिलं तर अर्धंच सांगितलं जातं, कारण चकाकतं ते परावर्तनाने: नाणं चकाकतं, घासलेलं भांडं चकाकतं. 'तेवणं' ज्योतीचं. 'उजळणं' दोन्हीकडे चालतं, म्हणून बोलण्यात तेच वापरावं. लेखात मात्र 'अनुस्फुरण' लिहावं. आणि प्रश्नातल्या जोडीपैकी एक निवडायचाच असेल, तर रंजकाला 'परप्रेरित स्वयंप्रकाशी' म्हणा. शब्द जरा अवजड आहे खरा, पण खोटा नाही.